चाळणीत उरलेला हिरवा रवा

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या हाताला चव आहे, हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि पुढे एकतीस वर्षं ऐकत आले. नुसती चव असती तर सोसलं असतं. पण त्यांचं अक्षर सुरेख, गळा गोड, त्यांनी लावलेली कुंडी कधी सुकत नाही, आणि भाजीवाला त्यांच्या पिशवीत न मागता कोथिंबीर टाकतो. उज्जैनला फ्रीगंजमधल्या आमच्या घरात त्या खाली राहतात, मी वर. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा आधी खाली थांबतो आणि जिना चढून येतो तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं. मी चहा विचारते, तो म्हणतो, "नको नको, खाली खूप झालं." मी हसते. आत माझा तिळपापड होत असतो.

हेवा वाटतो मला त्यांचा. लिहायलाच बसले आहे तर आडपडदा कशाला? त्या माझ्याशी कधी वाईट वागल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं. तीही सोय त्यांनी ठेवली नाही.

एकच गोष्ट माझी एकटीची होती. मी इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, आणि उज्जैनच्या तळ्या-डबक्यांतल्या पाणवनस्पतींची यादी करणं हा माझा बावीस वर्षांचा उद्योग होता. जाऊबाईंना झाडं जगवता यायची, पण झाडांची नावं मला यायची. शेजारपाजारच्या बायका कुठलंही पान घेऊन खाली यायच्या आणि जाऊबाई त्यांना म्हणायच्या, "ऊपर मॅडमला विचारा, मला नाही बाई कळत." हे "मला नाही बाई कळत" ऐकायला मी मुद्दाम जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहायचे.

यादीत एक जागा रिकामी होती. साचलेल्या पाण्यावर हिरव्या टिकल्या पसरलेल्या दिसतात, त्या सगळ्यांनी बघितल्या आहेत. लोक त्याला सरसकट काई म्हणतात. पण ती शेवाळ नव्हे, ती फुलं येणारी झाडं आहेत, फक्त त्यांना खोड नाही की फांदी नाही. त्यांची ओळख सोपी. टिकली उचलायची, उलटी करायची आणि मुळं मोजायची. खाली मुळांचा झुबका असेल आणि पोट जांभळट असेल तर ती मोठी, स्पायरोडेला. एकच मूळ दोऱ्यासारखं लोंबत असेल तर लेम्ना. आणि मूळच नसेल, टिकलीचा चपटेपणाही नसेल, नुसता रव्याचा कण असेल, तर ती वोल्फिया. जगातल्या फुलणाऱ्या झाडांत सगळ्यात लहान. पहिल्या दोघी मला ढीगभर मिळाल्या होत्या. भैरवगढला कपडा छापणाऱ्यांच्या हौदांमागे एक डबकं आहे, तिथे तर लेम्नाची गादी असते. राम घाटावर वाहतं पाणी, तिथे काही टिकत नाही, तरी मी पायऱ्यांच्या कोपऱ्यांत चहाची गाळणी बुडवून बसायचे आणि पंडे मला विचारायचे, "मैडम, अंगूठी गिर गई क्या?" वोल्फिया मात्र कुठेच मिळाली नाही. इतर शहरांतल्या याद्यांत ती होती, आमच्या यादीत नव्हती. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि ती जागा रिकामी ठेवून मला जायचं नव्हतं.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात आमच्याकडे सप्तसागर करतात. शहरातली सात तळी, एका दिवसात सगळ्यांचं दर्शन, आणि प्रत्येक ठिकाणी द्यायची वस्तू वेगळी. कुठे मीठ, कुठे डाळ, कुठे खीर. एका सागरावर चाळणी आणि मालपुए देतात. जाऊबाई त्यांच्या भजनी मंडळाबरोबर मॅजिक गाडी ठरवून जातात. मी जात नाही. त्याच तळ्यांवर मी वर्षभर गुडघाभर पाण्यात उभी असते, आणखी दर्शन कशाला, असं मी एकदा म्हणाले होते. जाऊबाईंनी वाद घातला नाही. तेव्हापासून त्या सगळ्या वस्तू दोन-दोन नेऊ लागल्या, एक स्वतःच्या नावाची, एक माझ्या नावाची.

दुपारी तीनच्या सुमारास त्या परतल्या आणि तशाच, पाय न धुता, वर आल्या. हातात स्टीलची वाटी.

"अगं, जरा देख तर. हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "चाळणी देण्याआधी पाण्यात खंगाळून घेतली ना, तर हे आत उरलं. मैद्याची बारीक चाळणी होती. पंडितजी म्हणाले काई आहे, झटकून द्या. पण मला नाही पटलं. काई कशी बुळबुळीत असते. हे बोटात धरून बघ, रव्यासारखं लागतं. मी वाटीत झाडून घेतलं तुझ्यासाठी."

मी वाटी घेतली. चष्म्यावर भिंग धरलं. तळाशी दोन बोटं पाणी आणि वर हिरवे कण. एकेक कण लांबट गोल, फुगीर, आणि पुष्कळशा कणांच्या एका टोकाला दुसरा इवला कण चिकटलेला, कडेवर मूल घ्यावं तसा. सुईने एक उलटा केला. मूळ नाही. दुसरा उलटा केला. नाही.

बावीस वर्षं. आणि या बाईनं चाळणी धुताना पकडलं. नुसतं पकडलं नाही, शेवाळ आणि हे यांतला फरक बोटांनी ओळखला. माझे एमएस्सीचे विद्यार्थी तिथे चुकतात. माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं उभं राहिलं. खाली येणारे पाहुणे, आणि अनारशांच्या ताटाबरोबर आता ही गोष्टही. "आमच्या वहिनींना सापडलं हो, जगातलं सगळ्यात छोटं झाड! मॅडम इतकी वर्षं शोधत होत्या म्हणे." माझी एवढी एक खोली होती, तिथेही जाऊबाई चपला काढून आत आल्या होत्या.

"शेवाळच आहे, वहिनी," मी म्हणाले. "असते एक दाणेदार जात."

"पक्कं?"

"पक्कं. ठेवा इथे, मी टाकते."

त्यांचा चेहरा जरासा उतरला. "असेल बाई, तू शिकलेली," म्हणून त्या खाली गेल्या. त्यांची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत मी थांबले आणि मग वाटी मोरीत रिकामी केली. नळ सोडला. घरात ते राहिलं असतं तर माझ्या खोटेपणाचा पुरावा राहिला असता. वाटी विम लावून घासली आणि तीही लगेच खाली नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवास गेटवरून ई-रिक्षा केली आणि चाळणीच्या सागरावर पोहोचले. या तळ्यावर मी आधी किमान वीस वेळा गेले असेन. चुकले कुठे ते पाच मिनिटांत कळलं. मी दर वेळी मोकळ्या काठावर शोधत होते, जिथे उजेड चांगला आणि उभं राहायला जागा बरी. पण ही जात वाऱ्याला भिते. देवळाच्या मागच्या बाजूला पायऱ्यांचा एक काटकोन आहे, तिथे निर्माल्य कुजतं, म्हशी पाणी प्यायला येतात, वास येतो आणि वारा लागत नाही. बायका नेमक्या तिथेच बसून भांडी-चाळण्या धुतात, कारण पायऱ्या कमी निसरड्या. वर स्पायरोडेलाच्या मोठ्या टिकल्या आणि त्यांच्या फटींमधून हा रवा. मी गाळणी बुडवली आणि ती भरून वर आली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण तो लग्नातल्या दुसऱ्या पंगतीसारखा. आधी कोणी जेवून गेलेलं होतं.

कॉलेजात जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, खात्री केली आणि सगळे कण स्पिरिटच्या बाटलीत घातले. अशी इवली झाडं टिपकागदात दाबता येत नाहीत, चिरडून नुसता डाग उरतो. बाटलीच्या आत चिठ्ठी टाकायची, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटात उतरते. चिठ्ठीवर ठरलेले रकाने असतात. वनस्पतीचं नाव, स्थळ, अधिवास, आढळ, तारीख. आणि खाली दोन ओळी. एक, कोणी गोळा केली. दुसरी, कोणी ओळखली. या दोन माणसांत आमच्याकडे मान पहिल्याचा. ओळखणारे शंभर येतात आणि मतं बदलतात, पण पाण्यात हात घालणारा एकच असतो.

मी दोन्ही ओळींवर माझं नाव लिहिलं. मनाला समजावलं की खोटं काय आहे यात? ही बाटलीतली झाडं मीच गोळा केली, आज, स्वतःच्या हातांनी. आणि कालची चाळणी तरी कोणाच्या नावाची होती कोण जाणे. दोनपैकी एक माझ्याच नावाची होती. माझ्या चाळणीत आलं असेल तर ते माझंच. इतका भिकार युक्तिवाद मी विद्यार्थ्याकडून ऐकला असता तर त्याला वर्गाबाहेर काढला असता.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा त्या सागरावर गेले. वोल्फियाला फूल क्वचित येतं, टाचणीच्या टोकाएवढं, आणि ते बघायचा मला लोभ सुटला होता. पायऱ्यांच्या काटकोनात पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. टिकल्या नाहीत, रवा नाही, निर्माल्य नाही. पायऱ्यांवर चुन्याचे पांढरे ओघळ. मी गाळणी बुडवली, रिकामी आली. सगळ्या काठाने फिरून बुडवली.

देवळातले पंडितजी खुशीत बाहेर आले. "देखिए मैडम, कैसा साफ कर दिया! मोहल्ले के लड़कों ने जाल डालकर सब खींच लिया, ऊपर से चूना। आपकी ही राय से हुआ है।"

"मेरी राय?"

"भाभीजी से पूछा था ना, आपकी जेठानी से। मैंने कहा, आपके घर में बॉटनी की मैडम हैं, उनसे पूछ लीजिए, काम की चीज़ हो तो ये कोना छोड़ देते हैं। तो वो बोलीं, पूछ लिया है, काई है, निकाल दीजिए।"

मी त्यांना "अच्छा किया" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? बाकी सहा सागर मी त्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात काठाकाठाने पालथे घातले. कुठेही मिळाली नाही. कॉलेजच्या कपाटात बाटली होती, तिच्यात मेलेले कण होते आणि त्यांच्यावर माझं नाव होतं. यादी पूर्ण झाली होती.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. वर्गातल्या मुलींनी निरोप समारंभ केला आणि हॉलमध्ये एका लांब टेबलावर माझ्या आयुष्यभराच्या नमुन्यांचं प्रदर्शन मांडलं. मला न विचारता. अगदी मध्यभागी ती बाटली, शेजारी भिंग, आणि मागे पुठ्ठ्यावर लाल अक्षरांत "उज्जैन में पहली बार". जाऊबाई चंदेरी नेसून आल्या होत्या. त्या दिवशी माझ्यापेक्षा त्याच निवृत्त होत असल्यासारख्या लोक त्यांच्याशी बोलत होते. तेवढ्यात त्या टेबलाशी गेल्या.

मी व्यासपीठावर हार घालून बसलेली. उठता येईना. त्यांनी भिंग घेतलं, वाकून बाटलीत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाटली उचलून उजेडाकडे फिरवली आणि आतली चिठ्ठी वाचली. स्थळ वाचलं असणार. तारीख वाचली असणार. त्यांच्या सप्तसागराच्या दुसऱ्याच दिवसाची होती ती, आणि असे दिवस त्या विसरणाऱ्यांतल्या नाहीत.

शेजारी उभ्या असलेल्या मुलीने त्यांना काहीतरी विचारलं. जाऊबाईंनी बाटली अलगद जागेवर ठेवली आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "हां बेटा, मेरी देवरानी ने ढूँढा है। बाईस साल पानी में खड़ी रही है।"

मी तेव्हा शरमेने मेले असते तर गोष्ट वेगळी. खरं सांगते, मला आधी राग आला. इथेही याच? एवढी मोठी संधी हातात असताना एका वाक्यात त्यांनी ती सोडून दिली, आणि वर माझंच कौतुक केलं. मला त्यांच्या हाताच्या चवीचा, गळ्याचा, अक्षराचा जितका हेवा वाटला नसेल तितका त्या क्षणी वाटला. शरम त्यानंतर आली, हार काढून ठेवताना.

घरी आम्ही एकाच रिक्षाने परतलो. टॉवर चौकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "मला खरं सांगितलं असतंस तर काय झालं असतं गं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला असता, की मला सापडलं म्हणून."

"हो. सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या जावेनं ओळखलं, हेपण सांगितलं असतं."

चिठ्ठीवरच्या दोन ओळी. एक त्यांची, एक माझी. इतकं सरळ होतं ते. इतकी वर्षं मी मुलांना तेच शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले आणि दोन दिवसांसाठी म्हणून सही करून बाटली घरी आणली. आमच्यात चुकीची चिठ्ठी फाडत नाहीत आणि तिच्यावर खोडतही नाहीत. जुनी तशीच ठेवायची आणि तिच्यासोबत दुरुस्तीची दुसरी चिठ्ठी आत टाकायची, म्हणजे पुढे बघणाऱ्याला कोण काय म्हणालं होतं ते सगळं दिसतं. मी कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी विचारायला मी जिना उतरले होते.

"गोळा करणाऱ्याचं नाव तुमचं घालते," मी म्हणाले. "पूर्ण नाव सांगा."

"राहू दे ना, कशाला फालतू," असं म्हणत त्या हात पुसून शेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "लिहायचंच तर माहेरचं लिही. एक वर्ष सायन्सला होते ना मी, लग्नाआधी. त्याच नावाने."

एकतीस वर्षांत त्या सायन्सला होत्या हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं माहेरचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं. माझ्या नावापेक्षा कितीतरी सुंदर होतं. तेही मला टोचलं. मी लिहिलं आणि त्याखालच्या ओळीवर माझं लिहिलं. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या, खूश होत्या. शेवटी आढळाचा रकाना राहिला होता. तिथे मी लिहिलं, "आता आढळत नाही."

"का?" त्यांनी विचारलं.

मला तिथेही खोटं बोलता आलं असतं. पाऊस कमी झाला म्हणता आलं असतं. पण मी सांगितलं. जाळं, चुना, पंडितजींनी विचारलेला प्रश्न.

जाऊबाईंनी पदराचं टोक धरलं आणि सोडलं. "त्यांनी मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मीच काढायला सांगितलं."

"तुम्ही नाही. मी."

"तोंड तर माझंच होतं ना." त्यांनी चिठ्ठीवरच्या आपल्या नावाकडे बघितलं. "माझं नाव खोड मग."

"खोडता येत नाही, वहिनी. लिहिलेलं तसंच ठेवावं लागतं."

"आणि तुझी पहिली चिठ्ठी? ती पण तशीच राहणार? दोन्ही ओळी तुझ्या नावाच्या?"

"हो. कायमची."

"मग बरं आहे. दोघींचंही तसंच राहू दे," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.